बोन्साय झाडांसाठी संथगतीने लागू होणारी खते



मोठ्या शहरांच्या आसपास रोपवाटिकेचा व्यवसाय करणाऱ्या अनेक शेतकऱ्यांनी आता फळझाडांची कलमे व शोभेची रोपे यांच्या जोडीला बोन्साय झाडे तयार करण्यास सुरुवात केली आहे. पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यात तर रोपवाटिका हाच अनेक कुटुंबांचा मुख्य व्यवसाय आहे. या धंद्यात बोन्सायचे स्थान थोडे वेगळे आहे. गुलाबाचे कलम काही महिन्यांत विकले जाते. वडाचे किंवा चिंचेचे चांगले बोन्साय मात्र आठ-दहा वर्षे सांभाळावे लागते. एखादे कलम मेले तर एका हंगामाचे नुकसान होते, पण बोन्साय मेले तर दहा वर्षांची मेहनत जाते. अशी झाडे दगावण्याची कारणे पाहिली तर पाण्याच्या चुकीखालोखाल खताची चूक आढळते. बहुतेक वेळा खत कमी पडलेले नसते, ते एकाच वेळी जास्त पडलेले असते.

ही चूक टाळण्याचा सोपा व खात्रीचा उपाय म्हणजे संथगतीने लागू होणाऱ्या खतांचा वापर. ही खते कोणती, ती कशी काम करतात, आपल्या हवामानात ती केव्हा व किती द्यावीत, याची माहिती या लेखात दिली आहे.

बोन्सायला खताची गरज का असते?

बोन्साय म्हणजे उपाशी ठेवून खुजे केलेले झाड, असा एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तो मनातून काढून टाकावा. झाड लहान राहते ते फांद्यांची व मुळांची वेळोवेळी छाटणी केल्यामुळे आणि तारेने वळण दिल्यामुळे. प्रत्येक छाटणीनंतर झाडाला नवी पालवी व नवी मुळे फोडावी लागतात. त्यासाठी अन्नद्रव्ये लागतातच. उपाशी झाडाची पाने पिवळी पडतात, आतील बारीक फांद्या वाळतात, खोडाची जाडी वाढत नाही आणि असे झाड किडीला लवकर बळी पडते.

शेतातील झाड आपली मुळे दूरवर पाठवून अन्न शोधते. बोन्सायला ती सोय नाही. त्याचे सर्व जग दोन-तीन लिटर मिश्रणात सामावलेले असते. शिवाय हे मिश्रण आपण मुद्दाम भरड ठेवतो. लाल माती, जाड वाळू, विटांचा चुरा व थोडे कुजलेले शेणखत असे मिश्रण पाण्याचा निचरा चांगला करते, परंतु अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची त्याची शक्ती काळ्या मातीच्या तुलनेत फारच कमी असते. उन्हाळ्यात दिवसातून दोन वेळा पाणी दिले जाते. प्रत्येक पाण्याबरोबर विरघळलेले नत्र व पालाश कुंडीच्या तळाच्या छिद्रांतून वाहून जाते. म्हणजे झाडाला अन्न थोडे थोडे पण सतत हवे असते, आणि साधे रासायनिक खत मात्र एकदम भरपूर मिळून नंतर संपून जाते. संथगतीची खते ही अडचण दूर करतात.

एक हिशेब

समजा आपली कुंडी २५ सेंमी लांब, १८ सेंमी रुंद व ६ सेंमी खोल आहे. या तिन्हींचा गुणाकार २,७०० घन सेंमी, म्हणजे २.७ लिटर होतो. काठापर्यंतची रिकामी जागा वजा केली तर मिश्रण सुमारे २.५ लिटर धरावे. या कुंडीतील झाडाला तीन-चार महिन्यांसाठी पाऊण ग्रॅम (०.७५ ग्रॅम) नत्र द्यायचे ठरविले, तर ते पुढीलप्रमाणे मिळते.

१. युरिया (४६ टक्के नत्र) : सुमारे १.६ ग्रॅम
२. आवरणयुक्त दाणेदार खत (१५ टक्के नत्र) : ५ ग्रॅम
३. निंबोळी पेंड (सुमारे ५ टक्के नत्र) : १५ ग्रॅम

तिन्हींमध्ये नत्र सारखेच आहे. फरक आहे तो वेळेचा. १.६ ग्रॅम युरिया म्हणजे चहाचा अर्धा चमचाही भरत नाही. तो पहिल्याच पाण्यात विरघळतो. त्यातील काही भाग वाहून जातो व उरलेल्या भागामुळे मुळांभोवती क्षारांचे प्रमाण एकदम वाढते. क्षार वाढले की मुळांना पाणी शोषता येत नाही, उलट मुळांतील पाणी बाहेर ओढले जाते. पानांच्या कडा करपतात. यालाच आपण ‘खत लागले’ असे म्हणतो. आवरणयुक्त खतातील किंवा पेंडीतील तेवढेच नत्र आठवड्यांमागून आठवडे मिळत राहते. म्हणून शेतात हाताने युरिया फेकण्याची आपली सवय बोन्सायच्या कुंडीशी मुळीच नेऊ नये. शेतात मूठभर खताची चूक खपून जाते, कुंडीत चिमूटभर खताची चूकही महागात पडते.

निमकोटेड युरिया व ब्रिकेट्सविषयी खुलासा

भारतात २०१५ पासून युरियाला शंभर टक्के निंबोळी तेलाचे आवरण देणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे ‘हा युरिया हळू लागतो, तो कुंडीत चालेल’ असे अनेकांना वाटते. हे बरोबर नाही. निंबोळी तेलामुळे अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होण्याची क्रिया मंदावते व शेतातील नत्राचा ऱ्हास कमी होतो. परंतु युरियाचा दाणा पाण्यात विरघळतो तो नेहमीसारखाच झटपट. कुंडीत धोका असतो तो या विरघळण्याचा, आणि निंबोळीचे आवरण त्याला अटकाव करीत नाही.

कोकणातील भात उत्पादक युरिया-डीएपी ब्रिकेट्स चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल खोचतात. चिखलणी केलेल्या भाताच्या खाचरात ही पद्धत उत्तम आहे. पण अशी एक गोळी बोन्सायच्या कुंडीत घातली, तर वरील कुंडीला तीन-चार महिन्यांत जेवढे नत्र हवे त्यापेक्षा अधिक नत्र एकाच जागी पडेल. म्हणून भाताची गोळी कुंडीत वापरू नये.

संथगतीच्या खतांचे प्रकार

अ) आवरणयुक्त दाणेदार खते

या खतांत नत्र, स्फुरद व पालाशयुक्त क्षारांच्या दाण्यावर राळेसारख्या पदार्थाचे (पॉलिमरचे) पातळ आवरण असते. ओलाव्यामुळे पाण्याची वाफ आवरणातून आत शिरते, आतील क्षार विरघळतात आणि ते द्रावण आवरणातून हळूहळू बाहेर झिरपते. दाण्याचा आकार मात्र तसाच राहतो. बाजारात ऑस्मोकोट व तत्सम नावांनी ही खते मिळतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. या खतांचा वेग पाण्याच्या प्रमाणावर फारसा अवलंबून नसतो. मिश्रण ओलसर असले म्हणजे झाले. वेग ठरतो तो मुख्यतः तापमानावर. पाकिटावर ‘५ ते ६ महिने’ असे लिहिलेले असते ते साधारणपणे २१ अंश सेल्सिअस तापमान धरून. आपल्याकडे फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात उथळ कुंडीतील माती यापेक्षा बरीच जास्त तापते. त्यामुळे पाच-सहा महिन्यांचे खत आपल्याकडे तीन-चार महिन्यांतच संपते, असे धरून चालावे. एप्रिल-मेमध्ये विदर्भ व मराठवाड्यातील कडक उन्हात सिमेंटच्या ओट्यावर ठेवलेल्या कुंडीची माती हवेपेक्षाही जास्त तापते. अशा वेळी दाण्यांतून खत इतक्या वेगाने बाहेर पडते की ते ‘संथगतीचे’ राहत नाही. त्याच सुमारास उन्हाच्या तडाख्याने झाडाची वाढ मंदावलेली असते. खत जास्त व मागणी कमी असा उलटा प्रकार होऊन मुळे करपतात.

ब) पेंडी व सेंद्रिय खते

जपानमध्ये बोन्सायला पिढ्यान्‌पिढ्या पेंडीचेच खत दिले जाते. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतील बोन्साय उत्पादक ओमिया येथे जाऊन स्थायिक झाले व १९२५ मध्ये तेथे बोन्साय उत्पादकांचे गाव वसले. तेथील रोपवाटिकांतही मोहरीवर्गीय तेलबियांची पेंड व हाडांचा चुरा कुजवून केलेल्या वड्या कुंडीच्या काठाशी ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तर तेलघाण्यांमुळे पेंडींची विविधता भरपूर आहे. त्यांतील अन्नद्रव्यांचे सर्वसाधारण प्रमाण (टक्के) असे :

निंबोळी पेंड : नत्र ५.२, स्फुरद १.०, पालाश १.४
एरंडी पेंड : नत्र ४.३, स्फुरद १.८, पालाश १.३
भुईमूग पेंड : नत्र ७.३, स्फुरद १.५, पालाश १.३
मोहरी पेंड : नत्र ५.२, स्फुरद १.८, पालाश १.२
करंज पेंड : नत्र ३.९, स्फुरद ०.९, पालाश १.२
हाडांचा चुरा (वाफवलेला) : नत्र १ ते २, स्फुरद २५ ते ३०

पेंडीतील नत्र प्रथिनांच्या रूपात असते. जिवाणूंनी ते कुजविल्यावरच झाडाला मिळते. जिवाणूंना ओलावा व ऊब हवी. म्हणून पावसाळ्यात व ऑक्टोबरच्या उबेत पेंड चांगली लागू होते, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मंद होते, आणि उन्हाळ्यात पृष्ठभाग सुकून गेल्यास जवळजवळ थांबते. साधारणपणे एकदा दिलेली पेंड सहा ते आठ आठवडे पुरते. पेंडीची चूक सावरता येते हा तिचा मोठा गुण आहे. झाड नाराज दिसले तर वडी उचलून टाकता येते.

हाडांच्या चुऱ्याविषयी एक सूचना. त्यातील स्फुरद आम्लधर्मी मिश्रणातच चांगला उपलब्ध होतो. कोकणातील तांबड्या मातीत त्याचा उपयोग होतो. जेथे पाणी जड असून मिश्रणाचा सामू ७ च्या वर गेलेला आहे, तेथे हाडांच्या चुऱ्यावर विसंबून राहू नये.

पेंडीच्या गोळ्या घरी तयार करणे

ताजी पेंड थेट कुंडीत घालू नये. कुजताना ती तापते, तिच्यातून अमोनिया निघतो व कोवळी मुळे जळतात. शिवाय माश्या, मुंग्या व उंदीर येतात. त्यासाठी गोळ्या पुढीलप्रमाणे कराव्यात.

१. निंबोळी पेंड २ भाग, एरंडी किंवा मोहरी पेंड २ भाग व वाफवलेला हाडांचा चुरा १ भाग घ्यावा. पेंडीतील खडे कुटून बारीक करावेत.
२. पुरणासारखे घट्ट होईल इतपत पाणी घालून मळावे व झाकणाच्या बादलीत भरावे. बादली पूर्ण भरू नये, मिश्रण फुगते. झाकण सैल ठेवावे.
३. बादली घरापासून दूर, सावलीत ठेवावी. आठवड्यातून एकदा काठीने ढवळावे. चार ते सहा आठवड्यांनी उग्र वास कमी होतो व मिश्रण गडद रंगाचे होते.
४. हातमोजे घालून सुपारीएवढ्या गोळ्या वळाव्यात व त्या सावलीत पूर्ण वाळवाव्यात. वाळलेली गोळी ५ ते ६ ग्रॅम भरते. दहा गोळ्या एकत्र तोलून सरासरी पाहून घ्यावी.
५. कोरड्या डब्यात बंद करून ठेवाव्यात.

आधीच्या उदाहरणातील २.५ लिटर कुंडीला अशा ३ गोळ्या पुरतात. या मिश्रणात नत्र सुमारे ४ टक्के असते. तीन गोळ्यांतून पाऊण ग्रॅमच्या आसपास नत्र मिळते. गोळ्या काठापाशी समान अंतरावर अर्ध्या दाबून ठेवाव्यात. खोडाला चिकटून ठेवू नयेत. पुढील वेळी जागा बदलावी. गोळीवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, ती कुजण्याचीच खूण आहे.

महत्त्वाची सूचना : एरंडी पेंडीत रिसिन हे विष असते. कुत्री, शेळ्या व गुरे यांनी ती खाल्ल्यास जिवाला धोका होतो. हाडांच्या चुऱ्याच्या वासाने कुत्री हमखास येतात. ज्यांच्या घरी जनावरे मोकळी असतात त्यांनी एरंडीऐवजी मोहरीची पेंड वापरावी. हाडांचा चुरा व पेंडीची धूळ श्वासावाटे जाऊ नये म्हणून नाकाला रुमाल बांधावा.

मात्रा किती द्यावी?

सर्व झाडांना एकच मात्रा देणे चुकीचे आहे. झाड कोणत्या अवस्थेत आहे ते आधी पाहावे. आवरणयुक्त खताची (सुमारे १५ टक्के नत्र) एका वेळची मात्रा मिश्रणाच्या दर लिटरला पुढीलप्रमाणे ठेवावी.

घडणीतील झाडे (खोड जाड करावयाचे आहे) : ३ ग्रॅम
तयार झालेली वड, उंबर, पिंपळ, चिंच यांची झाडे : १.५ ते २ ग्रॅम
फुलांची व फळांची झाडे (बोगनवेल, डाळिंब, लिंबू) : १.५ ग्रॅम
अडेनियम, जेड : १ ग्रॅम

या सुरुवातीच्या मात्रा समजाव्यात व आपल्या झाडांचा प्रतिसाद पाहून कमी-जास्त कराव्यात. पाकिटावर याहून कमी मात्रा सांगितली असल्यास पाकिटावरील मात्रा पाळावी. छोट्या कुंड्यांसाठी अंदाज मुळीच नको. १२ × ९ × ४ सेंमी कुंडीत मिश्रण अर्ध्या लिटरहून कमी असते, तिला एक ग्रॅमही खत लागत नाही. अशा रोपवाटिकेत सोनारकाट्यासारखा छोटा वजनकाटा अवश्य ठेवावा. तो एका चांगल्या झाडाच्या मानाने फारच स्वस्त पडतो.

तयार झाडाला कमी खत का? नत्र जास्त झाले की पाने मोठी होतात व दोन पेरांतील अंतर वाढते. बोन्सायचे सारे सौंदर्य लहान पानांत व दाट, बारीक फांद्यांत असते. वडाच्या पानांचा आकार लहान करण्यासाठी आपण पानगळ करतो, म्हणजे सर्व पाने देठ ठेवून काढून टाकतो. त्यानंतर लगेच नत्र दिले तर नवी पाने पुन्हा तळहाताएवढी येतात व सर्व श्रम वाया जातात. म्हणून पानगळीच्या आधी झाड सशक्त करावे व पानगळीनंतर नवी पाने पूर्ण उघडून घट्ट होईपर्यंत खत काढून ठेवावे. बोगनवेलीलाही नत्र जास्त झाले तर फक्त वेल वाढतो, फुले येत नाहीत.

खत देण्याची पद्धत

दाणेदार खत मिश्रणात कालवावे की वर टाकावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. घडणीतील झाडांच्या मोठ्या कुंड्यांत ते मिश्रणात कालविले तरी चालते. मात्र खत कालवलेले ओलसर मिश्रण साठवून ठेवू नये. ते ढिगात पडल्यापडल्याच क्षार सोडू लागते आणि महिन्याभराने कुंडीत भरताना ते तिखट झालेले असते. तयार झाडांना खत वरूनच द्यावे, कारण मिश्रणात गेलेला दाणा परत काढता येत नाही.

वरून देताना दाणे पाण्याने वाहून जातात किंवा पक्षी उकरतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे जुन्या नायलॉन मच्छरदाणीचे लहान चौकोनी तुकडे कापून त्यांत तोललेले खत बांधावे. अशा दोन-तीन पुरचुंड्या काठाशी ठेवून वर थोडे ओले शेवाळ घालावे. शेवाळामुळे ओलावा राहतो आणि उन्हाळा आला की पुरचुंड्या उचलून घेता येतात. उचललेल्या पुरचुंडीवर तारखेची चिठ्ठी लावावी. दाणे फोडू वा कुटू नयेत. आवरण फुटले की ते साधे खत होते.

दाणे दिसतात म्हणजे खत शिल्लक आहे असे समजू नये. दोन बोटांत दाणा दाबून पाहावा. आत कडक पांढरा गर असेल तर खत शिल्लक आहे. दाणा पिचकला व नुसते पाणी निघाले तर ते रिकामे टरफल आहे. ही परीक्षा न करता ‘दाणे आहेतच’ म्हणून वर्षभर झाड उपाशी ठेवणे किंवा ‘तीन महिने झाले’ म्हणून भरलेल्या दाण्यांवर नवे दाणे टाकणे, या दोन्ही चुका होतात.

वर्षाचे वेळापत्रक

जून : पहिला पाऊस पडून उष्मा कमी झाला की वर्षातील पहिली मुख्य मात्रा द्यावी. वड, उंबर, पिंपळ यांची कुंडी याच सुमारास बदलली असेल तर चार ते सहा आठवडे थांबावे. कापलेली मुळे खत घेऊ शकत नाहीत, मात्र क्षारांचा मार त्यांना लवकर बसतो.

जुलै-ऑगस्ट : कोकण व घाटमाथ्यावरील संततधार पावसात पेंडीच्या गोळ्या विरघळून चिखल होतो, छिद्रे बुजतात व निचरा थांबतो. या भागात पावसाळ्यात आवरणयुक्त खत अधिक योग्य. देशावर, मराठवाड्यात व जेथे उघडीप मिळते तेथे पेंडीच्या गोळ्या उत्तम काम देतात.

सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर : दुसरी मात्रा. पावसाने धुऊन गेलेले पालाश भरून काढण्यासाठी एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश विरघळवून महिन्यातून एकदा द्यावे. पेंडी वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण पेंडीत पालाश कमी असते.

डिसेंबर-जानेवारी : नवीन मात्रा नको. पानगळ होणाऱ्या झाडांना तर या काळात खत देऊच नये.

फेब्रुवारी-मार्च : नवी पालवी सुटताना तिसरी मात्रा, पण नेहमीच्या निम्मी. पुढे उन्हाळा आहे याचे भान ठेवावे. येथे दीर्घ मुदतीचे खत घालू नये, पेंडीची गोळी किंवा तीन महिन्यांचे खत वापरावे.

एप्रिल-मे : नवे खत देऊ नये. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात उरलेल्या पुरचुंड्या काढून घ्याव्यात. झाडे शेडनेटखाली न्यावीत. एखाद्या झाडाला फारच गरज भासली तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात सायंकाळी, मिश्रण आधी ओले करून द्यावे.

शंभर कुंड्यांची रोपवाटिका असेल तर दर आठवड्याला विद्राव्य खत देण्यासाठी वर्षात सुमारे पन्नास फेऱ्या माराव्या लागतात. वरील पद्धतीत फेऱ्या तीनच होतात. मजूर विसरला, सुट्टीवर गेला किंवा त्याने प्रमाण चुकविले, तर होणारे नुकसानही टळते. आवरणयुक्त खत किलोला महाग वाटते, पण २.५ लिटरच्या तयार झाडाला वर्षाला १२-१३ ग्रॅम, म्हणजे शंभर झाडांना सव्वा किलोच्या आसपासच लागते. खरेदी करताना सुट्या पुड्या घेऊ नयेत. नत्र-स्फुरद-पालाशाचे प्रमाण व मुदत छापलेले मूळ पाकीटच घ्यावे, कारण तीन महिन्यांचा व नऊ महिन्यांचा दाणा दिसायला सारखाच असतो.

लक्षणे कशी ओळखावीत?

१. जुनी, खालची पाने सर्वत्र सारखी फिकट पिवळी व वाढ थंडावलेली : नत्राची कमतरता. दाणे दाबून पाहावेत, रिकामे असल्यास मात्रा द्यावी.

२. नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या : ही लोहाची कमतरता आहे. अधिक खत देऊन ती भरून निघत नाही. जड पाण्याने सामू वाढलेला असतो. चिलेटेड लोह वापरावे व शक्य तेथे पावसाचे साठविलेले पाणी द्यावे.

३. पानांच्या कडा व टोके करपलेली, कुंडीच्या काठावर पांढरा थर : क्षार साठले आहेत.

४. मिश्रण ओले असूनही पाने मलूल : मुळे जळाली किंवा कुजली आहेत. खत ताबडतोब बंद करावे.

क्षार साठल्यास प्रथम वरचे दाणे किंवा गोळ्या काढून टाकाव्यात. नंतर कुंडीतील मिश्रणाच्या दुप्पट गोडे पाणी झारीने हळूहळू सोडावे. म्हणजे २.५ लिटर कुंडीला ५ लिटर पाणी द्यावे. ते छिद्रांतून पूर्ण निथळू द्यावे व कुंडी सावलीत ठेवावी. महिनाभर कोणतेही खत, टॉनिक वा फवारणीचे पोषण देऊ नये. आजारी झाडाला ‘ताकद यावी’ म्हणून खत देणे हीच बहुधा शेवटची चूक ठरते. ज्यांच्या विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी मचूळ आहे, त्यांनी पाण्याची तपासणी करून घ्यावी, खताची मात्रा निम्मी ठेवावी आणि महिन्यातून एकदा अशा प्रकारे कुंड्या धुवाव्यात.

स्वतः प्रयोग करून पाहा

कुंडीचे मिश्रण, पाणी व ऊन प्रत्येक रोपवाटिकेत वेगळे असते. म्हणून सर्व झाडांवर एकदम नवी पद्धत सुरू करू नये. एकाच जातीची, एकाच वयाची पंधरा स्वस्त झाडे निवडावीत. पाच झाडांना पेंडीच्या गोळ्या, पाच झाडांना आवरणयुक्त खत द्यावे आणि पाच झाडे नेहमीच्या पद्धतीने वाढवावीत. जूनमध्ये दोऱ्याने खोडाचा घेर मोजून वहीत लिहावा. पानांचा आकार, दोन पेरांतील अंतर व मेलेल्या फांद्या यांची दर महिन्याला नोंद करावी. पुढील जूनमध्ये पुन्हा घेर मोजावा. या वहीतून आपल्या जागेला योग्य मात्रा आपोआप कळेल, आणि ती कोणत्याही पाकिटावरील शिफारशीपेक्षा अधिक भरवशाची असेल.

थोडक्यात महत्त्वाचे

१. कुंडीचे आकारमान मोजावे, खत तोलावे. अंदाजाने खत देऊ नये.
२. निमकोटेड युरिया, डीएपी व भाताच्या ब्रिकेट्स कुंडीत वापरू नयेत.
३. ताजी पेंड नको, कुजवून वाळविलेल्या गोळ्या वापराव्यात. एरंडी पेंड जनावरांपासून दूर ठेवावी.
४. आवरणयुक्त खताचा वेग उष्णतेने वाढतो. पाकिटावरील मुदत आपल्याकडे कमी धरावी व कडक उन्हाळ्यापूर्वी खत उचलून घ्यावे.
५. कुंडी बदलल्यावर चार ते सहा आठवडे व झाड आजारी असताना खत देऊ नये.
६. घडणीतील झाडाला पोटभर, तयार झाडाला बेताने आणि फुलझाडाला नत्र जपून द्यावे.

बोन्साय हा घाईचा धंदा नव्हे. ज्या झाडाला घडवायला दहा वर्षे लागतात, त्याचे अन्नही त्याला सावकाश मिळावे. या जूनमध्ये पहिला पाऊस पडण्यापूर्वी आपल्या कुंड्यांचे आकारमान वहीत लिहून काढावे व गोळ्यांची बादली एप्रिलअखेरीस भरून ठेवावी, म्हणजे पालवी फुटेल तेव्हा योग्य खत तयार असेल.